सत्तावीस अंशांची हवा

हेमराज काय काम करतो, हे लिंबायतमधल्या त्याच्या गल्लीत कोणालाच धड सांगता येत नाही. बायकोला, सोनालीला, कोणी विचारलं तर ती म्हणते, "इच्छापोरला कंपनीत आहेत. कंप्युटरवर हवा बघतात." विचारणारी बाई मान हलवते आणि भाजीच्या भावावर येते. आई प्रमिलाबाई एवढंही सांगत नाही. "हाफिसमा बसस," म्हणते, आणि तोंड फिरवून हसते.

तर ते काम असं. सुरतेत रंगवलेलं ओलं कापड सुकवायला लांबलचक भट्ट्या असतात. कापड एका तोंडानं आत जातं, गरम हवेच्या झोतांतून सरकतं, दुसऱ्या तोंडानं कोरडं बाहेर पडतं. अशी भट्टी बांधण्याआधी तिच्यातली हवा कुठून कुठे जाईल, कापड कुठे करपेल, कुठे ओलं राहील, हे हेमराज कंप्युटरवर आधीच काढतो. शेवटी रंगीत चित्र येतं. लाल म्हणजे गरम, निळं म्हणजे थंड.

आतलं सगळं गणित मशीन करते. पण भट्टी जिथे संपते, तिथे पलीकडे काय आहे, ते मशीनला ठाऊक नसतं. इथे भिंत आहे की तोंड, तोंडातून हवा येते की जाते, येते तर किती जोरात, किती गरम. भिंत उन्हात आहे की सावलीत. ते सगळं समोर बसलेल्या माणसानं कडेकडेनं फिरून सांगायचं. ऑफिसात त्याला बाउंड्री कंडिशन म्हणतात. कडेच्या अटी म्हणा हवं तर. या अटी जशा, तसं चित्र. आणि एखादी कड सांगायची राहिली, तर मशीन गप्प बसत नाही. आपल्या मनानं काहीतरी धरते आणि पुढे चालू लागते.

"मशीन तो वहू जेवी छे, हेमराजभाई," त्याचे साहेब चेतनभाई म्हणायचे. "कशुं न कहो तो पोतानी रीते रांधी नाखे." सून आणि मशीन, काही सांगितलं नाही तर आपल्या मनाचा स्वयंपाक करून मोकळ्या.

कडेला आलं की गोंधळ उडायचा, हा हेमराजचा जुनाच स्वभाव. बाप शिरपूरकडून लूमवर कामाला आलेला. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. कोणत्या उंबऱ्याला कोणती बोली बदलायची, यात पोराची फजिती व्हायची. एकदा भर वर्गात "सर, माले पानी पेवाले जाऊ द्या," म्हणाला आणि वर्षभर 'मालेपानी' हे नाव कमावून बसला. पुढे डिप्लोमा केला, कापडाच्या भट्टीवर हेल्परकी केली, तिथून या ऑफिसात आला. वय आता चौतीस. तरी कोणाच्या घरी गेला की दारात क्षणभर थांबतो. चप्पल आत काढायची की बाहेर, एवढाच प्रश्न असतो. पण त्याला तो पडतो.

सोनाली म्हणते, "तुम्हाला आत यायला मुहूर्त लागतो का हो?"

या माणसाच्या घरी श्रावणात कानबाई बसते.

खानदेशातल्या माणसाला कानबाई काय ते सांगावं लागत नाही. इतरांसाठी एवढंच की नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, डोळे, लुगडं चढवून देवी मांडतात, सगळी भाऊबंदकी एका घरी गोळा होते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो घरीच दळायचा, त्याचे रोट करायचे. ते रोट भाऊबंदांनीच खायचे.

प्रमिलाबाईच्या घरी ती वरच्या खोलीत बसते. खाली लूमचं खातं, म्हणजे मागांचा कारखाना आहे, भाड्यानं दिलेला, आणि मागे राहायच्या खोल्या. वर ती एक खोली, डोक्यावर पत्रा, रस्त्याच्या बाजूला छोटी खिडकी आणि जिन्यावर उघडणारं एकच दार. जिना तसाच पुढे मागच्या गच्चीवर जातो. त्यात मंडप, अखंड दिवा, गौरीसारखी नटलेली कानबाई आणि मावतील तेवढी माणसं. न मावतील तेवढीसुद्धा. घरधनीण म्हणून प्रमिलाबाई सकाळपासून देवीसमोर पाटावर बसायची ती आरती होईपर्यंत उठायची नाही. मागल्या वर्षी आरतीच्या आधीच ती त्या पाटावरच कलंडली. बायकांनी पदरानं वारं घातलं, कांदा हुंगवला. शुद्धीवर आली तेव्हा पहिलं वाक्य, "दिवो हुजायना का?" दिवा विझला का?

दिवा विझला नव्हता. पण धाकटा दीर बन्सीलाल घाबरला. चलथाणच्या साखर कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. गडबड दिसली की सरळ बॉयलर बंद करायचा, अशी त्याची सवय.

यंदा आषाढातच तो आला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाला, "वहिनी, यंदा कानबाई चलथानले बसाडू. एसी हॉल शे. शंभर लोके बसतीन."

"मना घरमा कानबाई बसस. ती भाडाना हॉलमा कशी जाई?"

"मागला साल तुम्ही पडी गयात. यंदा काही व्हयनं तं लोकेस्ले काय सांगू मी?"

"सांगजो, कानबाईना पायशी गई. चांगलंच शे की."

"हे बोलनं नही झाय, वहिनी."

हेमराज दाराशी उभा होता. दोघंही खरं बोलत होते. आई त्या खोलीत पुन्हा पडली तर? आणि कानबाई त्या खोलीतून गेली तर आईचं राहतं काय? नवरा गेल्यावर तिनं दोनच गोष्टी धरून ठेवल्या होत्या, ती खोली आणि तो रविवार. त्याला दोन्ही बाजू पटल्या. त्या गोंधळात त्याच्या तोंडून निघून गेलं, "काका, मी कंप्युटरवर करीसन दखाडतू. पंखा कोठे लावना, हवा कशी फिरी, सगळं."

बन्सीलालनं कप एकदाचा खाली ठेवला. "कानबाई कंप्युटरमा बसाडशी?"

"खोली बसाडसू, काका. कानबाई नही."

पण कानबाईही बसवावी लागली. दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यानं खोली काढली. टेप धरून मापं घेतली होती. मंडप, दिवा, दार, खिडकी, रस्त्याकडच्या भिंतीत वर हवा बाहेर फेकणारा नवा पंखा. कानबाईच्या जागी एक गोल खांब. माणसांच्या जागी ठोकळे, प्रत्येक ठोकळा थोडा थोडा तापणारा. किती ठोकळे, हे आईला फोन करून विचारलं.

"कानबाईनी मानसे मोजतस नही, भाऊ. दृष्ट लागस."

त्यानं आपल्या मनानं आकडा घातला. देवीसमोरचा एक ठोकळा मात्र नीट जागा बघून ठेवला. ती आई होती.

चित्र निघालं तेव्हा त्याचाच विश्वास बसेना. पंखा गरम हवा ओढून बाहेर फेकतोय, दारातून निळ्या हवेचा पट्टा आत येतोय आणि थेट आईच्या ठोकळ्यापर्यंत पोचतोय. खोली निळी-हिरवी. पुढच्या रविवारी तो आईला आणि सोनालीला घेऊन चलथाणला गेला आणि काकासमोर मोबाईल धरला.

"हाई निळं काय शे?"

"थंडी हवा. दारमाईन येस."

बन्सीलालनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "आपला लिंबायतमा?" मग मोबाईल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. शेवटी म्हणाला, "कंप्युटर सांगस तं मी काय बोलू? बसाडा तुमना घर."

प्रमिलाबाईनं परतीच्या रिक्षात सुनेच्या मांडीवर हात ठेवला आणि लिंबायत येईपर्यंत तो काढला नाही. दुसऱ्याच दिवशी गवंडी आला, भिंतीला भोक पडलं, पंखा बसला. गल्लीतल्या बाया येऊन बघून गेल्या. "हेमराजनी कंप्युटरमाईन काढा," असं प्रमिलाबाई त्यांना सांगत होती. पहिल्यांदाच तिला पोराचं काम सांगता येत होतं.

कानबाईला आठवडा उरला असताना चेतनभाई हेमराजच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर खोलीचंच चित्र होतं.

"वाह! आ कोनो बंगलो?"

"घरची खोली आहे, साहेब. पूजेसाठी."

चेतनभाईंनी माऊस हातात घेतला, दारावर टिचकी मारली. "हेमराजभाई, आ दरवाजामांथी सत्तावीस डिग्रीनी हवा आवे छे. क्यांथी आवे छे? मने पण सरनामुं आपो. हुं त्यां रहेवा जाऊं." त्या हवेचा पत्ता हवा होता त्यांना, तिथेच राहायला जायला.

हेमराजनं पाहिलं आणि त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. दारातून हवा येऊ दे, एवढं त्यानं सांगितलं होतं. ती किती गरम, ते सांगायचं राहिलं होतं. न सांगितलेल्या कडेला मशीन आपल्या मनानं सत्तावीस धरते. कुठल्या तरी थंड देशातल्या प्रयोगशाळेतली हवा. ती लिंबायतच्या जिन्यानं वर चढून येत होती आणि आईला वारा घालत होती.

भट्ट्यांच्या कामात त्याची अशी चूक कधी झाली नव्हती. तिथे तो दर कड तीनदा तपासायचा. इथे, स्वतःच्या घराच्या दारात, बाहेर काय आहे हे आपल्याला माहीतच आहे, असं धरून तो पुढे गेला होता.

मग खरं काय भरायचं? त्या संध्याकाळी तो थर्मामीटर घेऊन जिन्यात उभा राहिला. खालचं खातं चालू होतं. लूमचा धडधडाट आणि त्यांची ऊब, दोन्ही जिन्यानं वर येत होती. अडतीस. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं दारात अडतीस भरलं. चित्र लाल झालं. पंखा खात्याची सगळी धग जिन्यातून ओढून खोलीत आणत होता. दाराशी बसलेली माणसं भाजत होती. नवा पंखा नसता तर बरं, असं ते चित्र म्हणत होतं.

पण कानबाईच्या दिवशी खातं बंद असतं. म्हणून त्यानं तेहतीस भरलं. आता दाराजवळ बरं आणि धग सगळी देवीसमोर, जिथे आई बसते तिथे. मग दारात गर्दी उभी राहिली तर, म्हणून अर्धं दार बंद करून पाहिलं. हवा खिडकीतून उलटी आत आली, दिव्यावरून गेली. खिडकी बंद केली तर काहीतरी तिसरंच. जितक्या अटी, तितकी चित्रं. दिवस मावळेपर्यंत त्याच्यापुढे एकाच खोलीची इतकी चित्रं जमली की कोणती आपली खोली, हे त्याला ओळखू येईना.

तो खातेवाल्याकडे गेला. यंदा नवा भाडेकरू होता.

"रविवार को बंद रखोगे न, भाई? हमारी देवी है."

"रखेंगे. रखना तो है. बस पार्टी का माल अटका है. देखते हैं."

"देखते हैं मतलब बंद?"

"मतलब देखते हैं, भाई."

घरी आला तर प्रमिलाबाई गहू निवडत बसली होती. त्याला वाटलं, आता बोलायला हवं. बोललं तर काका कानबाई घेऊन जाईल आणि आईची ती खोली रिकामी पडेल. नाही बोललं तर त्याच निळ्या चित्राच्या भरवशावर आई पाटावर बसेल. तो दारातच उभा राहिला.

"ये ना मधी. काय पाव्हना शे का?"

"माय, ते चित्र खोटं शे."

"कोणतं?"

"निळं. मनी चुकी झायी. खरं कोणतं ते आते माले बी समजी नही ऱ्हायनं. तू कोठे बसशी तं तुले तरास व्हवाव नही, हाई माले सांगता येत नही. काकाले सांगनं पडी."

तिनं गव्हातला खडा उचलला, बाजूला टाकला. चेहरा पडला होता, पण ओरडली नाही. "सांग. खोटं ठेवाना नही." मग पुढचा खडा शोधत, "उद्या सांग. आज फोन नको करू."

त्याला वाटलं, आईला रात्रीची झोप हवी असेल. त्यानं ऐकलं.

सकाळी त्याला जाग आली ती घरघंटीच्या आवाजानं. स्वयंपाकघरात धुऊनपुसून कोरडी केलेली घंटी चालू होती, शेजारी नवं पातेलं, वर पांढरं फडकं. न्हालेली प्रमिलाबाई मुठीनं रोटचे गहू घंटीत सोडत होती. सोनाली भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून हसू दाबत होती.

रोटचं दळण शनिवारी करतात. आज बुधवार होता.

"आते कर फोन," प्रमिलाबाई म्हणाली.

हेमराजनं फोन लावला आणि सगळं सांगितलं. सत्तावीस, अडतीस, खातेवाला, सगळं. पलीकडे बन्सीलाल तापत गेला. "म्हंजे तू माले खोटं दखाडं? मी हॉल सोडी दिन्हा तुना चित्रवर! आज परत बुक करस मी. वहिनीले दे फोन."

फोन स्पीकरवरच होता. प्रमिलाबाईनं घंटीला हात लावला. "बन्सीभाऊ, दयन झायं."

पलीकडे बन्सीलालचा आवाज उतरला.

"कसानं दयन?"

"रोटनं. तुमनं, हेमराजनं, पोरेस्नं, सगळास्नं. झायं दयन."

रोटचं दळण ज्या घरात होतं, त्याच घरात त्या साली कानबाई बसते. ही त्यांच्या भाऊबंदकीची रीत. तिच्यावर कोणी बोलत नाही. बन्सीलालनं एक लांब श्वास सोडला, तो फोनमध्ये वाऱ्यासारखा ऐकू आला. "बुधवारले दयन करतस का कोनी, वहिनी?" एवढंच म्हणाला, आणि मग हेमराजला, "आते तू देख. तुना माथावर शे."

म्हणजे कानबाई ठरली, खोली ठरली. उरलं एवढंच, आई बसणार कुठे? आणि तेच हेमराजला माहीत नव्हतं. दाराशी बसवावं तर अडतीसचं चित्र डोळ्यांसमोर यायचं. देवीसमोर बसवावं तर तेहतीसचं. शनिवारी संध्याकाळपर्यंत तो पाट हातात घेऊन खोलीत फिरत होता.

"ठेवा ना तो पाट कुठेतरी," सोनाली म्हणाली. "त्याला तरी बसू द्या."

रविवारी खात्यातल्या अर्ध्या लूम बंद होत्या आणि अर्ध्या चालू. हे चित्र तर त्यानं काढलंच नव्हतं. कानबाई मांडली गेली. नथ, काजळ, हिरवं लुगडं. दिवा लागला. माणसं जिन्यानं चढू लागली, त्यांत बन्सीलालही आला, आणि आल्या आल्या पंख्याकडे असं बघितलं, जणू तो पोलिसात द्यायचा आहे.

हेमराज थर्मामीटर घेऊन दारात उभा होता. दर वर्षी तो असाच उभा असायचा. कधी दारात, कधी गच्चीवर, कधी ऑफिसात जास्तीचं काम लावून घेऊन. आत बसलेला त्याला कोणी पाहिला नव्हता.

प्रमिलाबाईनं देवीसमोर पाट मांडला. मग वळून विचारलं, "आठे बसू का तठे? सांग."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्यानं थर्मामीटरकडे पाहिलं. "माले खरंच समजत नही, माय."

"मंग तू मनाजोडे बस."

"मी?"

"तुले गरम व्हयनं तं मालेबी व्हयी. त्याले मशीन कसाले जोयजे?"

थर्मामीटर सोनालीनं त्याच्या हातातून काढून घेतला. तो आत गेला, या वेळी उंबऱ्याशी न थांबता, कारण मागून दोन म्हाताऱ्यांनी ढकललं. आईशेजारी मांडी घालून बसला. कानबाईचे काजळ घातलेले डोळे अगदी समोर होते. पंखा फिरत होता. पण हवा आत येत होती की जात होती, त्याला तिथे बसून अजिबात कळेना. पाठीवरून घाम उतरला. आईकडे पाहिलं तर तिच्याही ओठावर घाम.

बराच वेळ गेला. गाणी चालू झाली. त्याचं डोकं जड व्हायला लागलं.

"माय, माले गरगरी ऱ्हायनं."

"मालेबी," ती म्हणाली. आणि गुडघ्यावर हात टेकून, सगळ्या भाऊबंदकीदेखत, आरतीच्या आधी, उठून उभी राहिली.

गाणं थांबलं. बन्सीलाल म्हणाला, "वहिनी! आरती व्हवानी शे आजून! उठतस नही!"

"दिवो अखंड जोयजे, बन्सीभाऊ. मी थोडीच दिवो शे?"

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळ्याच बायका हसल्या. मायलेक गर्दीतून वाट काढत वर गच्चीवर गेली. तिथल्या पत्र्याच्या सावलीत पाणी प्यायली. लिंबायतचा सगळा धूर, धूळ आणि आवाज खाली पसरलेला. हेमराजला सुचलं, आपल्या प्रत्येक चित्रात आईचा ठोकळा जागच्या जागी होता. कुठल्याच चित्रात तो उठून गच्चीवर आला नव्हता. हे मशीनला कसं सांगतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"काय ईचार करस?"

"काही नही."

"चाल मंग. तुना काका दिवावर फुंकी देई नही तं."

ती दोघं खाली आली, पुन्हा बसली, पुन्हा एकदा उठली. दुसऱ्यांदा उठली तेव्हा तीन म्हाताऱ्या पण सोबत उठल्या. आरतीला प्रमिलाबाई उभी होती आणि तिचा आवाज सगळ्यांत वर होता. पंख्याखालची चांगली जागा धरून बसलेला बन्सीलाल मात्र आरतीनंतर जिन्यात बसून लिंबूपाणी पीत होता. उपासामुळे, असं तो म्हणाला. पंख्यामुळे, असं सोनाली म्हणाली.

सोमवारी तापीवरून परत येऊन हेमराज ऑफिसात गेला. कोणतं चित्र खरं ठरलं, ते चेतनभाईंना ऐकायचं होतं. "शुं थयुं? कयुं साचुं पड्युं? सत्तावीस, तेत्रीस के आडत्रीस?"

"माहीत नाही, साहेब."

"थर्मामीटर तो लई गया हता ने?"

"बायकोनं काढून घेतला. मी आत बसलो होतो."

चेतनभाई खुर्ची ओढून बसले. हेमराजनं डब्यातून चुरम्याचा लाडू काढून त्यांच्यापुढे ठेवला. रोट घरीच ठेवले होते. ते बाहेरच्यांना देत नाहीत. मग त्यानं भट्टीचं अर्धं राहिलेलं काम उघडलं आणि दाराच्या कडेवर टिचकी मारून, किती गरम, ते आधी भरलं.